पेटीत साडेनऊ हजार जास्त

१

चोरी झाली असती तर अंजनाबाईला एवढा राग आला नसता. चोर हुडकायचा, चौकात उभा करायचा, त्याच्या सात पिढ्या शब्दांनी खरवडून काढायच्या आणि घरी येऊन चहा प्यायचा. पण इथं पेटीतले पैसे गेले नव्हते. वाढले होते.

शुक्रवारची सकाळ. हिरीबाईच्या ओसरीत बचत गटाच्या दहा बाया गोल बसलेल्या, मधोमध पत्र्याची पेटी, आणि पेटीपुढं अंजनाबाईची सून धम्मदीपा नोटा मोजत होती. धम्मदीपा बारावी शिकलेली, म्हणून गटाचं रजिस्टर तिच्याकडे. अंजनाबाई स्वतः दुसरीतून उठलेली, पण अध्यक्ष तीच. गावातली पिठाची चक्की तिची, आणि चक्की चालू असताना बोलायची सवय असल्यामुळे तिची कुजबूजसुद्धा चार घरं पलीकडे ऐकू जायची.

"पुन्हा मोज."

"तीनदा मोजले, आत्याबाई. एक लाख नऊ हजार पाचशे."

"एक लाख पायजेत."

"पायजेत एक लाख. हायत एक लाख साडेनऊ हजार."

बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. आज त्या आपापले पैसे परत न्यायला जमल्या होत्या. दोन वर्षं वेचणीच्या, निंदणाच्या मजुरीतून दर बाईनं दहा हजार साठवले ते समुद्रावर जायला, शिडाच्या बोटीत बसायला. आणि मंगळवारी सगळा खर्च मांडला तर साडेनऊ हजार कमी पडले. मग ठरलं, शुक्रवारपर्यंत वाट सुचली तर बरं, नाहीतर जिचे तिला देऊन मोकळं व्हायचं. आणि आता नेमके तेवढेच साडेनऊ पेटीत येऊन बसले होते. दहा जणींच्या दहा गड्ड्या रबर लावलेल्या, आणि त्यांच्यावर ही सुटी रास.

"मंग जायचं ना वं!" रंगूबाईनं बसल्या जागी टाळी पिटली. "भरलं ना सारं!"

"कोनाच्या पैशावर?" अंजनाबाईनं विचारलं.

दुसरी टाळी हवेतच राहिली.

"बोटवाला पाच वाजेपर्यंत तारीख धरून बसला हाय. पाचच्या आत हे पैसे कोनाचे थे मले कळलं, तं बोट. नाई कळलं, तं तुमचे तुमाले, आन् हे वरचे चौकात दगडाखाली ठेवीन. ज्याचे असतीन त्यानं उचलावे."

सुटे पैसे तिनं पदराच्या गाठीत बांधले, पेटी धाडकन मिटली, कुलपं लावायला घेतली आणि हात थांबला. सकाळी पेटी उघडताना तिचं कुलूप उजव्या कडीत होतं. सहा वर्षं ते डाव्या कडीत लागत आलं होतं.

२

गटाचा नियम सरळ. एका पेटीला तीन कुलपं, तीन चाव्या तीन घरी, आणि पेटी चौथ्याच घरी. डावं कुलूप अंजनाबाईचं, मधलं तांड्यावरच्या कमलीबाईचं, उजवं रंगूबाईचं. पेटी हिरीबाईकडे, तिच्याकडे चावीच नाही. तिघी एका जागी आल्याशिवाय पेटी उघडायची नाही, म्हणून आजवर गटात कोणी कोणावर बोट दाखवलं नव्हतं.

म्हणजे कोणीतरी तिन्ही कुलपं उघडली होती, आणि घाईत दोन अदलाबदल करून लावली होती.

बाया म्हणत होत्या, एवढं काय त्यात, कोणीतरी चांगल्या मनानं दिले. अंजनाबाईला चांगल्या मनाचा अनुभव होता. शेजारच्या गावच्या गटाला धरमसिंगनं वीस खुर्च्या दिल्या होत्या, चांगल्या मनानं. धरमसिंगचं अनसिंगच्या बाजारात खताचं दुकान, आणि निवडणुकीला उभं राहायची हौस. त्या दिवसापासून त्या गटाची मीटिंग असो की कोणाच्या लेकराचा वाढदिवस, मागं धरमसिंगचा हात जोडलेला बॅनर असायचाच. आपल्या शिडावर तो चेहरा फडफडताना तिच्या डोळ्यांपुढं आला आणि तिनं पदराची गाठ आणखी आवळली.

हिशेब असा होता. दोन रात्री, तीन दिवस, अख्खी शिडाची बोट, कप्तान आणि दोन खलाशी धरून साठ हजार. कोकणात जायला-यायला ट्रॅव्हलर गाडी, चौतीस. पाच दिवसांचं खाणं बारा. बंदराचे पैसे, जाकिटं, उलटीच्या गोळ्या, साडेतीन. कमलीबाई मंगळवारी म्हणालीही होती, "इंजनची बोट घ्या ना वं! तीस हजारात भेटते. उरल्या पैशात एकएक लुगडं येईन."

"अठ्ठावीस वर्षं चक्कीपाशी बसली मी," अंजनाबाई म्हणाली होती. "झोपेत बी तिचाच आवाज येते. शीड चढलं की इंजन बंद करतात म्हने, मंग नुसतं पानी ऐकू येते. मले थे ऐकायचं हाय. इंजनच ऐकायचं असन तं घरी काय कमी हाय?"

अंजनाबाईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं त्या दहा जणींनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

बुधवारी मात्र सगळ्या हसून हसून लोळल्या होत्या. बोटवाल्याला जाकिटांसाठी दर बाईचं वजन हवं होतं. "सहल होवो न होवो, वजनं पाठवून द्या, त्याले काय पैसे लागतात?" असं धम्मदीपा म्हणाली, आणि दहाच्या दहा बाया, मागं त्यांच्या सुना, अशी वरात सोयाबीन मोजायच्या अडतीवर गेली. पोत्यांच्या काट्यावर एकेक चढली. अंजनाबाईनं हुकूम सोडला होता, "चांदी, बटवे, कमरेचं, सारं उतरवा. मले खरं वजन पायजे, कमलीबाईच्या कड्यांचं नाई." तरी कमलीबाई ब्याऐंशी किलो भरली आणि काटा खोटा आहे म्हणून व्यापाऱ्याशी अर्धा तास भांडली.

शुक्रवारी अकरा वाजता ते आठवून अंजनाबाईला हसू आलं नाही. तिच्याकडे सहा तास होते.

३

पहिला नंबर हिरीबाईच्या नवऱ्याचा. रूपला गुडघ्याच्या दुखण्यानं वर्षभर ओसरीवरच्या खाटेला चिकटलेला. पेटी आत ज्या खोलीत, तिचं दार त्याच्या डोक्यापाशी.

"पेटीपाशी कोन आलतं?"

"कोनी नाई."

"आठ दिवसांत कोनीच नाई?"

रूपलानं सुपारी कातरता कातरता विचार केला. "मांजर आलती."

"तिच्याजवळ चाव्या होत्या का?"

"इचारलं नाई म्या."

अंजनाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर खाटेखाली गेला असता. रूपला सुपारी चघळत राहिला.

तांड्यावर कमलीबाई दारात लसूण सोलत होती. चावी कमरेला, दोऱ्यात ओवलेली. "आंघोळीले बी काढत नाई मी," ती म्हणाली.

"साडेनऊ हजार तू टाकले का?"

कमलीबाई इतकी हसली की सुपातला लसूण सांडला. "मी? भाजीवाल्याजवळून मी सांबाराची जुडी फुकट घेते, अंजना. म्या टाकले असते तं आंधी पावती फाडून घेतली असती."

हे मात्र खरं होतं. अंजनाबाईनं तिला मनातल्या मनात सोडून दिलं.

रंगूबाईनं तर चावी हातात धरून रडायलाच घेतलं. पैसे आपण टाकले नाहीत याचंच तिला वाईट वाटत होतं.

चक्कीवर नवरा दौलतराव ज्वारी दळत होता. त्याला विचारलं तर पिठानं पांढरे झालेले हात झटकत म्हणाला, "म्या देल्ले असते तं एकोनीस हजार देल्ले असते. पाच दिवसांचे दहा झाले असते ना तुमचे!" आणि स्वतःच्याच विनोदावर एकटाच हसत बसला.

धम्मदीपानं चहा आणून दिला. आलं घातलेला, साखर बरोबर.

"पैसे पुरले ना, आत्याबाई? मंग कायले खोदून राह्यल्या?"

अंजनाबाईनं घोट घेतला आणि सुनेकडे पाहिलं. एरवी हिशेबात पाच रुपये इकडचे तिकडे झाले की ही पोरगी जेवायची नाही. आज साडेनऊ हजार आकाशातून पडले तरी ही निवांत होती.

ती पुढं काही विचारणार तोच फोन वाजला. पलीकडून मधात बुडवलेला आवाज आला, "काकू, ऐकलं मी सारं. आता कायले लपवू? थे पैसे देनारा मीच व्हय."

धरमसिंग.

४

दोन वाजता अंजनाबाई जीपमधून अनसिंगला उतरली. धरमसिंगच्या दुकानात खताच्या पोत्यांपुढं दोन खुर्च्या मांडलेल्या, थंड बाटली उघडून ठेवलेली. भिंतीवर त्याचाच फोटो, हात जोडलेला.

"बसा काकू. मले नाव नको, गाव नको. माह्या बहिनी समुद्रावर जाऊन राह्यल्या, मले यातच आनंद."

"काईच नको?"

"काईच नाई." तो जरा पुढं वाकला. "शिडावर एक लहानसा फोटो. आठ बाय दहा फुटाचा."

"बरं. पैसे पेटीत कसे टाकले रे?"

"त्याचं असं हाय काकू, कार्यकर्त्याची कामं कार्यकर्त्याले माहीत."

"किती टाकले?"

"दहा हजार." तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "पाचशेच्या कोऱ्या करकरीत नोटा. मोजून वीस."

अंजनाबाईनं पदराची गाठ सोडली आणि रास टेबलावर ओतली. शंभराच्या, पन्नासच्या, विसाच्या, दहाच्या, मळलेल्या, हळद लागलेल्या. पाचशेची एक नाही.

"पाचशे कमी हायत," ती म्हणाली. "आन् तुह्या करकरीत नोटा रस्त्यात म्हाताऱ्या झाल्या वाटते."

दुकानातलं गिऱ्हाईक खोकल्याचं निमित्त करून हसलं. धरमसिंगचे कान लाल झाले.

"कार्यकर्त्यानं बदलल्या असतीन, काकू..."

"कार्यकर्त्याले सांग, शिडावर फोटो नाई भेटत. वजन पाहून घेऊन राह्यलो आमी, आन् तुह्यं वजन लय हलकं निघालं."

थंड बाटली तिनं संपवली, फुकटची होती म्हणून, आणि बाहेर पडली. छातीवरचा दगड उतरला होता. पण रस्त्यावर आल्यावर उमगलं की हा नव्हता, एवढंच कळलं होतं. कोण होता ते नाही. आणि घड्याळात अडीच वाजले होते.

५

परतीला एसटी भेटली. खिडकीपाशी बसून अंजनाबाईनं नोटा पुन्हा नीट लावायला घेतल्या, आणि एक गोष्ट सकाळपासून पहिल्यांदा तिच्या नजरेत भरली. प्रत्येक नोटेला मधोमध लांबीनं घडी पडलेली. बाया नोट चौकोनी घडी करून बटव्यात ठेवतात. व्यापारी सपाट ठेवतो. ही उभी घडी कोणाची?

"बोला, तिकीट!"

अंजनाबाईनं मान वर केली. समोर खाकी गणवेशात कमलीबाईची सून चंदा, या गाडीची कंडक्टर. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत नोटा. दहाच्या एका बोटात, विसाच्या दुसऱ्या, पन्नासच्या तिसऱ्या. सगळ्या उभ्या घडीच्या.

चंदानं आधी अंजनाबाईला पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या नोटांना. मशीननं खर्र करून एका बाईची दोन तिकिटं काढली.

"मी एकटीच हावो वं चंदा."

"चुकलं काकू," चंदा म्हणाली आणि उभ्या गाडीत तोल गेल्यासारखी पुढच्या सीटकडे पळाली.

तर पैसे चंदाच्या हातून गेले होते. पण कंडक्टरच्या पगारात घर चालवून साडेनऊ हजार एकटीनं? आणि कुलपं तीन. सासूची चावी ती काढू शकेल. रंगूबाईची कशी काढणार? आणि अंजनाबाईची? अंजनाबाईनं कमरेला हात लावला. चावी होती तिथंच होती. ही कमरेवरून शेवटची कधी सुटली?

गाडी गावात शिरली. अडतीपुढं एक शेतकरी सोयाबीनचं पोतं काट्यावर चढवत होता.

"बाप्पा!" अंजनाबाई इतक्या जोरानं ओरडली की ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

६

पावणेचारला हिरीबाईच्या ओसरीत दहा बाया होत्या, आणि अंजनाबाईच्या हुकमावरून त्यांच्या सुनाही. चंदा ड्यूटी संपवून गणवेशातच आली होती. रूपला खाटेवर.

"मी काई कोर्टातली नाई," अंजनाबाई म्हणाली, "पन दळन कोनाचं हे पिठाच्या वासावरून सांगते. ऐका. तिन्ही कुलपं उघडली हे कुलपांनीच सांगतलं, दोन जागा बदलून बसली. आता कमलीबाई, तू चावी आंघोळीले काढत नाई. मी नाई. रंगू नाई. तिघींच्या चाव्या एका टायमाले कमरेवरून कवा उतरल्या?"

कमलीबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "काट्यावर!"

"काट्यावर. आन् उतरवा म्हननारी मीच, माह्या अकलेले काय म्हनू! बटवे, चाव्या आपन कोनाच्या हाती देल्ल्या? जिच्या तिच्या सुनेच्या. तू व्यापाऱ्याशी अर्धा तास भांडली, आमी नऊही जनी तमाशा पाहून राह्यलो, आन् तेवढ्यात तीन चाव्या हिरीबाईच्या घरी जाऊन वापस आल्या. वजनं पाठवा म्हनून मागं लागली कोन? माही सून. किती पैसे कमी हायत हे बरोबर ठाऊक कोनाले? रजिस्टर लिहिनारीले. नोटा जमवल्या कोनं? जिच्या बोटांची घडी नोटांवर हाय तिनं." चंदानं हात पाठीमागं नेले. "एकीनं एवढे देल्ले नाईत. साडेनऊ हजाराले दहानं वाटलं तं साडेनऊशे येतात. दहा सासवा, दहा सुना."

"नऊच," कोपऱ्यातून रूपला म्हणाला. सगळ्या वळल्या. "आमाले सून नाई ना. दहावे साडेनऊशे माहे व्हयत."

हिरीबाई खाटेपाशी गेली. "तुमी? मले समुद्रावर धाडाले?"

"पाच दिवस टीव्हीचा रिमोट माह्या हातात राहीन म्हनलं," रूपला म्हणाला, आणि हिरीबाईनं त्याला सुपारीच्या डब्यानं मारायला घेतलं तशी ओसरी हसण्यानं भरून गेली.

अंजनाबाई हसत नव्हती. तिनं धम्मदीपाला पुढं बोलावलं. "कायले केलं वं हे? आन् लपवून काहून?"

"सांगतलं असतं तं घेतले असते का तुमी?"

"नसते घेतले."

"म्हनून. शिवनकामाचे होते माह्याजवळ, रंगूकाकूच्या सुनेजवळ दुधाचे होते. जमवले." धम्मदीपा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. "पाच दिवस तुमी साऱ्या जनी जासान, आन् आमी सकाळी नऊ वाजेपर्यंत झोपून राहू."

"मी ड्यूटीवरून येईन," चंदा धीर करून म्हणाली, "आन् कोनी इचारनार नाई, एवढा उशीर काहून झाला म्हनून."

"मी असं इचारते?" कमलीबाई उसळली.

"रोज!" नऊही सुना एकदम म्हणाल्या.

पुन्हा हसू फुटलं. त्या गोंगाटात अंजनाबाईनं सुनेला हळूच विचारलं, तिच्या मानानं हळूच, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं, "मी इतकी वाईट हावो का वं?"

"नाई, आत्याबाई. लय चांगल्या हा." धम्मदीपानं नजर वर केली. "पन रोज असता ना."

अंजनाबाईच्या भुवया वर गेल्या. रंगूबाई पुन्हा रडायच्या बेतात आली. मग अंजनाबाईच्या पोटातून काहीतरी हलत हलत वर आलं आणि ती हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दौलतरावलाही लग्नापासून असं हसणं ऐकायला मिळालं नव्हतं, आणि तो बिचारा चक्कीवर होता.

"रजिस्टर काढ," ती डोळे पुसत म्हणाली. "बिननावाचा रुपया गटात चालत नाई. लिही. नऊ सुना आन् एक रूपला, दर नावापुढं साडेनऊशे. हे दान नाई, उधार हाय. पुढच्या सालच्या बोटीत वळती करजा. तवा तुमी जासान, आन् आमी घरी स्वयंपाक करू."

"आमी?" कमलीबाई म्हणाली.

"तू भांडे घासजो."

साडेचारला बोटवाल्याचे साठ हजार ऑनलाइनच्या दुकानातून गेले. पलीकडून तो म्हणाला की वजनं मिळाली, एक आकडा चुकून ब्याऐंशी आला आहे का? कमलीबाईनं फोन हिसकावून घेतला, आणि पुढची दहा मिनिटं त्या सभ्य कोकणी माणसाला काय काय ऐकावं लागलं ते लिहिण्यात अर्थ नाही. तारीख पक्की झाली. दहा बाया, शनिवारी पहाटे निघणार, बुधवारी सकाळी परत.

अंजनाबाई दुकानाच्या पायरीवर थांबली. "धम्मदीपा, ट्रॅव्हलरवाल्याले फोन लाव. बुधवारी सकाळी नाई, संध्याकाळी पोचवजो म्हना आमाले. किलोमीटर तेवढेच, पैसे तेवढेच."

"काहून, आत्याबाई?"

"काहून म्हंजे?" अंजनाबाई खेकसली आणि तोंड फिरवून चालू लागली. "समुद्राच्या पान्यात मीठ असते. पाय धुवाले वेळ नाई लागत का?"